वादळानंतर कोकणातलं गाव पर्यटकांना कधी उघडायचं? तारीख धरून की तपासणी करून?

खाडीकाठ

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची छपरं गेली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले. काही गावांना महिना अंधारात काढावा लागला. तेव्हा टाळेबंदी होती. पर्यटक आधीच नव्हते, आगाऊ बुकिंगही नव्हतं. त्यामुळे वादळानंतर पर्यटन पुन्हा उभं कसं करायचं, या प्रश्नाला आपल्या गावांना तेव्हा नीट भिडावंच लागलं नाही. पुढच्या वेळी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खोल्या भरलेल्या असतील आणि दिवाळीची आगाऊ रक्कम घेऊन ठेवलेली असेल.

माझं म्हणणं असं, की गाव तारीख धरून उघडू नये. पाच गोष्टी तपासाव्यात, पाचही जमल्या तरच उघडावं. पहिली गोष्ट पाणी: विहिरीत क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने तपासणीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे, आणि हे सलग तीन दिवस. दुसरी वीज: महावितरणचा पुरवठा आला एवढ्यावर भागत नाही, घरातलं भिजलेलं वायरिंग तपासून झालेलं हवं. तिसरी रस्ता: रुग्णवाहिका तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत न थांबता गेली पाहिजे. चौथी शौचालयाच्या टाक्या. पाचवी गोष्ट, डोक्यावर लोंबकळणारं काही उरलेलं नको. अर्धवट मोडलेली झावळी, कललेला माड, सुटलेला पत्रा यांनी वादळात माणसं जखमी होतात तशीच वादळानंतरच्या दोन महिन्यांतही होतात.

हा कागद दर वर्षी १ मे च्या ग्रामसभेत वाचून मंजूर करावा. वादळ झाल्यावर बसून लिहायला कुणाला उसंत नसते. तुमची मतं सांगा, विरोधातली आधी.

हिशेबवही

विरोध माझाच घ्या. पाचही जमल्या तरच उघडायचं, ही अट शहाणपणाची दिसते, पण ती गावाला उपाशी मारेल.

कोकणातल्या घरगुती निवासाचं वर्ष तीन तुकड्यांत कमावलं जातं: दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, आणि मे. ३ जूनला वादळ झालं तर २०२० च्या दिवाळीपर्यंत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत, हातात १६४ दिवस होते. त्यातले सव्वाशे पावसाचे. सगळं काम उलट मोजत यायला हवं: दिवाळीला खोली द्यायची तर १५ ऑक्टोबरला रंग संपला पाहिजे, त्यासाठी भिंती सप्टेंबरच्या शेवटी सुकलेल्या हव्यात, त्यासाठी छप्पर जूनमध्येच बंद झालं पाहिजे. तारीख समोर नसेल तर हे गणित कुणी मांडतच नाही. सुतार मोकळा झाला की बघू, पाऊस उघडला की बघू, असं करत गाव थेट मार्चमध्ये उघडतं.

पुरीचं उदाहरण बघा. ३ मे २०१९ ला फनी वादळ पुरीजवळच किनाऱ्याला धडकलं आणि ४ जुलैला रथयात्रा होती. मधे ६२ दिवस. ती तारीख पुढे ढकलण्याची सोय नव्हती, म्हणून वीज, पाणी, रस्ते, निवास सगळ्यांनी त्या तारखेकडे तोंड करून काम केलं. मुदत असली की कामं होतात.

आणि कर्जाचं काय? समजा एखाद्याने आठ लाखांचं कर्ज काढून चार खोल्या बांधल्या आहेत. महिन्याचा हप्ता दहा-अकरा हजारांच्या आसपास. तुमच्या पाच अटींपैकी चार पूर्ण झाल्या, पाचवी शेजाऱ्याच्या कललेल्या माडामुळे अडली. तो माड मुंबईच्या चुलतभावाच्या नावावर आहे. हप्ता थांबत नाही.

वाडीकर

दोघंही खोल्यांवरच बोलताय. पर्यटक दिवेआगरला, मुरूडला, आंजर्ल्याला खोलीसाठी येतो का? खोली त्याला पनवेललाही मिळते. तो येतो ते पाखाडीवरून, म्हणजे वाड्यांमधल्या दगडी वाटेवरून चालताना दोन्ही बाजूंनी पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची सावली लागते म्हणून. त्या वाडीचा विचार कुठल्याच पुनर्बांधणीच्या आराखड्यात पहिल्या पानावर नसतो.

नारळ ७.५ मीटर अंतरावर लावला तर हेक्टरी १७५ च्या आसपास माड बसतात. बाणवली जातीला फळ धरायला सहा ते आठ वर्षं. पोफळ २.७ मीटरवर, तिलाही पाच-सात वर्षं. म्हणजे २०२० मध्ये पडलेली वाडी त्याच पावसाळ्यात लावली असती तरी २०२६-२७ पर्यंत धड उत्पन्न नाही. 'निसर्ग'नंतर सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. आकडा मोठा वाटतो. पण आपल्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार रुपये. त्या दहा गुंठ्यांत सतरा माड किंवा सव्वाशे-दीडशे पोफळी असतात. आडवी झालेली खोडं कापून बाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नाही.

खोडं काढण्यात दिरंगाई झाली की काय होतं, हे पर्यटनाचा आराखडा लिहिणाऱ्याने समजून घ्यायला हवं. पडलेला माड कुजायला लागला की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. चार ते सहा महिन्यांत भुंग्यांची नवी पिढी बाहेर पडते आणि जे माड वादळातून वाचले त्यांच्या कोंबात शिरते. पान उघडलं की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं, तोवर उशीर झालेला असतो. मोडलेल्या, जखमी माडावर सोंड्या भुंगा येतो, तो तर झाडच मारतो. म्हणजे जूनचं वादळ असेल तर ऑक्टोबरच्या आत खोडं वाडीबाहेर गेलीच पाहिजेत. नेता येत नसतील तर चिरून, उभी फाडून वाळवावीत किंवा जाळावीत. ढीग लावायचा नाही. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी टाकावी, कारण भुंग्याची अळी तिथेही वाढते. वाचलेल्या झाडांच्या जखमांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप.

दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. माड पडले की खालच्या पोफळीची सावली जाते. आयुष्यभर सावलीत वाढलेल्या पोफळीच्या खोडाला दुपारनंतरचं नैर्ऋत्येचं ऊन लागलं की साल पिवळी पडते, तपकिरी होते, चिरते आणि पुढच्या वाऱ्यात खोड तिथेच मोडतं. वादळाने न मारलेली पोफळ अशी दुसऱ्या वर्षी मरते. पावसाळा संपताच खोडाला त्या बाजूने झावळ्या बांधायच्या आणि नैर्ऋत्येला केळीची ओळ लावायची. केळ सात-आठ महिन्यांत सावली देते आणि वर्षभरात घडही. खर्च जवळजवळ नाहीच. फक्त हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र एवढ्याजवळ असताना तिथल्या माणसाला ग्रामपंचायतीच्या आपत्ती बैठकीला बोलावत का नाहीत?

खाडीकाठ

वाडीकर, खोडांची मुदत माझ्या कागदात नव्हती, घालतो.

हिशेबवही, तारखेचा उपयोग मला मान्य आहे, कामं मार्गी लागतात. पण पुरीत तारखेमागे अख्खं राज्य सरकार उभं होतं. केळशीच्या दिवाळीमागे कोण उभं असतं? तारखेच्या ओढीने सगळ्यात आधी पाण्याची काटछाट होते, कारण पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं.

विहिरीचं नीट मांडतो. वादळानंतर विहिरीत पानं, माती, कधी शौचखड्ड्याचं झिरपलेलं पाणी असतं. पहिला विचार येतो पंप लावून विहीर उपसायची. पुळणीलगतच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याजवळच्या विहिरीत हे करूच नये. वाळूतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसा केला की खारं पाणी खालून वर चढतं, मग पुढचे कित्येक महिने तिथे मचूळ पाणी लागतं. शिवाय आतलं पाणी एकदम कमी झालं की बांधकामातला भिजलेला चिरा (जांभा दगड) ढासळतो. म्हणून कचरा जाळ्याने काढायचा, एका वेळी हातभर पाणी उपसायचं, पाझर भरू द्यायचा, पुन्हा उपसायचं. दोन-तीन दिवस लागतात.

मग ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ३ मीटर, म्हणजे २१ हजार लिटर झाले. नेहमीची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ५३ ग्रॅम. गढूळ पाण्याला दुप्पट, आणि तरी तपासणीत क्लोरीन दिसत नसेल तर आणखी. पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत कालवून दहा मिनिटं बसू द्यायची, चुना खाली राहिला की वरचं निवळ पाणी घागरीत भरून विहिरीत खालीवर करायचं. चूक होते ती पावडरीतच: ३३ टक्के क्लोरीनची पावडर फुटक्या पिशवीत दमट हवेत राहिली की काही आठवड्यांत निम्म्यावर येते. मोजून ५३ ग्रॅम टाकले तरी विहिरीत पडतं पंचविसाचं बळ. त्यामुळे वजन करून थांबू नये, तपासणीचा रंग दिसेपर्यंत काम झालं असं धरू नये.

वीस पाहुणे आले की माणशी १३५ लिटरने दिवसाला २,७०० लिटर पाणी लागतं. ते शुद्ध नसेल आणि एका कुटुंबाला जुलाब झाले, तर मोबाइलवरून ती बातमी पुण्याला त्यांच्या गाडीआधी पोचते. त्या गावाची पुढची मे गेलीच. उपासमार तीही आहे.

हिशेबवही

पाण्यावर माझा वाद नाही. पाणी ही वेगळी काढण्याची अट आहे, तिच्यात सूट नको. पण पाचही एकत्र बांधू नका. घरागणिक उघडा. ज्याच्या सहापैकी दोन खोल्या कोरड्या आहेत, विहीर तपासलेली आहे, त्याला दोन खोल्या उघडू द्या. दर कमी करू नका, सेवा कमी करा आणि आधीच सांगा: वातानुकूलन नाही, वीज संध्याकाळी चार तास, जेवण घरचं. ज्याला चालेल तो येईल. दर एकदा उतरवला की दोन वर्षं वर चढत नाही, हा धोका सगळ्यात मोठा.

कौलारू

घरागणिक उघडण्याला माझा पाठिंबा, पण छपराबद्दल दोघांनीही एका ओळीत आटपलंय. सगळ्या वेळापत्रकाचं मूळ तिथे आहे.

३ जूनला छप्पर गेलं आणि आठवड्याभरात पाऊस लागला. पत्रे, कौलं, सुतार, तिन्ही एकाच दिवशी शंभर गावांना हवे असतात. त्यामुळे पहिले पंधरा दिवस ताडपत्रीचेच असतात. ताडपत्री फाटते ती कडेच्या कड्यांशी, कारण दोरी फक्त कड्यांना बांधतात आणि वारा सगळा ताण तिथे आणतो. कडा बांबूच्या रिपेवर दोन वेढे गुंडाळून रीप वाश्याला तारेने बांधली तर तीच ताडपत्री पावसाळा काढते. आढ्यावर (छपराच्या माथ्यावर) आडवी न टाकता दोन्ही पाख्यांवर (उतारांवर) किमान दोन-दोन हात उतरवायची. गावाने १८ बाय २४ फुटांच्या वीस-पंचवीस ताडपत्र्या, बांबू आणि बांधायच्या तारेची भेंडोळी मे मध्येच एका सुक्या जागी ठेवावीत. सगळ्या घरांना पुरणार नाहीत, पण निदान कुठल्या खोल्या आधी झाकायच्या हे गाव ठरवू शकेल.

पत्रे का उडाले, तेही बघा. बहुतेक ठिकाणी पत्रा मधून फाटला नाही, पडवीच्या कडेने उचलला गेला. पुढची पडवी तीन बाजूंनी उघडी, वारा आत शिरतो आणि खालून ढकलतो. वरून पाख्यावरचा वारा ओढतो. दोन्ही जोर कडेच्या पहिल्या ओळीवर येतात. तिथे जे-हुक मधल्या ओळींएवढेच, एकाआड एक लाटेवर मारलेले असतात. कडेला, आढ्याला आणि दोन्ही टोकांना प्रत्येक लाटेवर हुक हवा. भोक लाटेच्या माथ्यावर, पन्हळीत नाही, नाहीतर गळणार. सिमेंटच्या पत्र्याला भोक हुकापेक्षा ३ मिलिमीटर मोठं, नाहीतर उन्हाने पत्रा ताणला की तिथून तडकतो. नट हाताने घट्ट, मग अर्धा फेरा. त्याहून जास्त आवळला की पत्र्याला केसासारखी चीर जाते, आणि पहिल्या वादळात तिथून तुकडा निघतो.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे वासा आणि भिंत यांची गाठ. हुक पत्र्याला वाश्याशी धरतो, पण वाश्याला भिंतीशी कोण धरतं? जांभ्याच्या भिंतीवर वासा नुसता टेकलेला असतो. अशा घरांचं अख्खं छप्पर वाश्यांसकट उचललं जातं. २५ मिलिमीटर रुंदीची लोखंडी पट्टी वाश्यावरून घेऊन भिंतीत तीन थर खाली गाडायची, एक वाशाआड एक. नवीन छप्पर घालताना हे काम एका दिवसाचं आहे. छप्पर झाल्यावर करायला गेलात तर आठवडा.

विजेचं एक सांगतो, कारण यात जीव जातो. खांब पडल्यावर जनरेटर येतात आणि घाईत माणसं त्यांची तार थेट घराच्या सॉकेटला जोडतात. घराचा मुख्य स्विच चालू असेल तर वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते, रोहित्रातून उलट दिशेने दाब वाढतो, आणि तीन गावं पुढे खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसतो. बदलता स्विच (एका वेळी महावितरण किंवा जनरेटर, एकच पुरवठा घराला जोडणारा) बसवल्याशिवाय जनरेटर घराला जोडू द्यायचा नाही, ही अट तुमच्या कागदात सहावी घाला. पाच केव्हीएचा जनरेटर एक अश्वशक्तीचा पंप, शीतकपाट आणि चार खोल्यांचे दिवे-पंखे ओढतो. त्यावर वातानुकूलन लावलं की पंप सुरू होताना बंद पडतो.

पुळण

मला एक मूळ आक्षेप नोंदवायचा आहे. 'पुन्हा उघडायचं' म्हणजे जिथे होतं तिथेच पुन्हा बांधायचं, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय.

पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूची जी टेकाडं असतात तीच गावाची पहिली भिंत. त्यावर खुर्च्या, टपऱ्या, गाडी लावायच्या जागा, सिमेंटचे चौथरे झाले. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्या सर्वांत जपायच्या वर्गात येतात. तरी जून २०२० मध्ये, 'निसर्ग'ची छपरं अजून उघडी होती तेव्हा, राज्य सरकारने आठ किनाऱ्यांवर चौपाटी कुट्यांचं (बीच शॅकचं) धोरण मंजूर केलं: वरसोली, दिवेआगर, आरेवारे, गुहागर, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवा, बोर्डी. दिवेआगर त्यात होतं. कुट्या तात्पुरत्या असतील, मान्य. पण तात्पुरत्या कुटीकडे जायची वाट टेकडी कापूनच जाते, आणि पुढच्या उधाणाचं पाणी त्याच फटीतून वाडीत शिरतं.

दुसरं, सुरूचं बन. पर्यटकांच्या फोटोत ते छान दिसतं, त्यामुळे वादळानंतर ताबडतोब पुन्हा सुरू लावायची मागणी होते. वाळूत सुरूची मुळं उथळ पसरतात, भोवतीची वाळू निघून गेली की झाड मुळासकट पडतं. खाली पडलेल्या काड्यांच्या थराखाली दुसरं काही उगवत नाही, त्यामुळे वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल संपते. कासवांचा प्रश्न तर आहेच. वेळास आणि आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवांवर पर्यटनाचा एक हंगाम उभा आहे, आणि मादीला अंडी घालायला मोकळी, उताराची वाळू लागते.

माझी मागणी अशी. समुद्राच्या बाजूला पहिल्या पट्ट्यात मर्यादवेल आणि निगडी, त्यामागे केवडा, त्यामागे उंडी, भेंड, करंज. सुरू लावायचाच तर सगळ्यात मागे. मर्यादवेलीचे हातभर लांबीचे तुकडे पहिल्या पावसानंतर निम्मे वाळूत पुरले की पुरे, रोपवाटिकाही लागत नाही. एका पावसाळ्यात वेल वाळू धरू लागते. पण त्या काळात तिच्यावरून घोडागाडी आणि चारचाकी स्कूटर फिरल्या तर एका सुट्टीत संपते. म्हणून पहिलं वर्ष पुळणीवर उतरायच्या दोनच वाटा ठेवा, बांबूचं कुंपण घालून.

हिशेबवही

पुळण, वनस्पतीशास्त्र तुमचं बरोबर असेल. पण टपरीवर बसणारी बाई आणि घोडागाडीवाला यांना वाडी नाही, खोलीही नाही. पर्यटन सुरू झाल्यावर ज्यांच्या घरात सगळ्यात आधी पैसा जातो ते हेच लोक. आणि नुकसानभरपाईत त्यांचं नाव नसतं, कारण पंचनामा घराचा आणि झाडाचा होतो, धंद्याचा होत नाही. त्यांना टेकडीवरून उठवायचं असेल तर उठवा, पण गावठाणात रस्त्यालगत जागा आधी द्या आणि ती कागदावर द्या.

पुळण

जागा आधी, हे मान्य. मी आधी म्हणायला हवं होतं. दोन वाटांच्या तोंडाशीच टपऱ्या एकत्र ठेवल्या तर त्यांचा धंदाही वाढेल, कारण सगळी माणसं तिथूनच खाली उतरणार.

विमापत्र

भरपाईचा विषय निघालाच आहे तर त्यात काय अडतं ते सांगतो, कारण गाव उघडायचा वेग पैसा कधी हातात येतो यावर ठरतो.

सरकारी मदत कागदांवर अडते. वाडीत बांधलेल्या पाहुण्यांच्या खोल्या कित्येकदा ग्रामपंचायतीच्या आकारणीत, नमुना ८ मध्ये, चढवलेल्याच नसतात. तलाठ्याच्या पंचनाम्यात त्या घर म्हणून येत नाहीत. सातबारावर दहा-बारा सामायिक नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन परदेशात. प्रत्येकाचं संमतीपत्र येईपर्यंत रक्कम तहसीलात पडून राहते. हे वादळानंतर सुटत नाही. गणपतीला सगळे गावात येतात, तेव्हाच संमतीपत्रांवर सह्या घेऊन ठेवाव्यात आणि खोल्यांची आकारणी करून घ्यावी. घरपट्टी वाढेल या भीतीने लोक टाळतात, आणि मग भरपाईला मुकतात.

खासगी विम्यात एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हा ठरावीक नमुन्याचा विमा सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावा लागतो. वादळ, पूर त्यात मुळातच आहेत. घरासाठी 'भारत गृह रक्षा' आहे. चूक अशी होते, की खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात आणि विमा फक्त घराचा काढतात. दाव्याच्या वेळी वापर व्यावसायिक निघतो आणि वाद सुरू होतो. अर्जातच लिहा की इतक्या खोल्या पर्यटकांना देतो.

दुसरी चूक रकमेची. वीस लाखांच्या बांधकामाचा विमा दहा लाखांचा काढला आणि छपराचं चार लाखांचं नुकसान झालं, तर चार लाख मिळत नाहीत, दोनच मिळतात. उद्यम विम्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नाही. आणि बुडालेल्या हंगामाचं उत्पन्न या विम्यात येत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, ते लहान निवासांना बहुधा परवडत नाही.

वाडीकरांसाठी: नारळ विकास मंडळाची माडाच्या विम्याची योजना आहे. १६ ते ६० वर्षांच्या माडाला १,७५० रुपयांचं संरक्षण, वर्षाचा हप्ता १४ रुपये, त्यातला शेतकऱ्याचा वाटा फक्त पाव, म्हणजे साडेतीन रुपये. सतरा माडांचे साठ रुपये होतात. दहा गुंठ्यांना मिळालेल्या त्या ५ हजारांशी ही रक्कम ताडून बघा.

वाडीकर

ताडून बघितलं. सतरा माडांचे तीस हजारांच्या जवळ जातात. पण त्या योजनेत माड पूर्ण मेला किंवा निकामी झाला तरच रक्कम मिळते. शेंडा मोडून दोन वर्षं फळ न देणाऱ्या माडाचं काही नाही. पोफळीला त्यात जागाच नाही, आणि श्रीवर्धनचा संसार रोठा सुपारीवर आहे. तरी साठ रुपये भरावेत, हे पटलं.

कौलारू

एक गोष्ट सगळ्यांच्या हिशेबातून सुटतेय. आपण जूनच्या वादळावरच बोलतोय. अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम असतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं. नोव्हेंबरच्या वादळानंतर पाऊस पाठीवर नसतो, छपराला दोन महिने मिळतात, पण नाताळ सहा आठवड्यांवर असतो आणि आगाऊ पैसे घेतलेले असतात. हिशेबवहींचं उलट मोजणं तिथे चालत नाही. तिथे पहिला प्रश्न पैसे परत करायचे की तारीख बदलून द्यायची, हा.

हिशेबवही

बरोबर आहे, दोन वेगळे कागद हवेत. नोव्हेंबरच्या कागदात माझी पहिली ओळ अशी: वादळाच्या तिसऱ्या दिवसाच्या आत प्रत्येक बुकिंगवाल्याला फोन, त्याने विचारण्याआधी. पुढच्या सहा महिन्यांतली कुठलीही तारीख त्याच दरात, नको असेल तर पूर्ण रक्कम परत. आणि ती रक्कम परत करता यावी म्हणून आगाऊ घेतलेल्यातले निम्मे पैसे पाहुणा येऊन जाईपर्यंत खर्चायचे नाहीत. हे आज कुणीच पाळत नाही, आगाऊ रकमेतून नव्या गाद्या येतात.

फोनवर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवा. ३० जुलै २०२४ ला वायनाडला दरड कोसळली ती मेप्पाडी पंचायतीतल्या गावांवर, पण लोकांनी अख्ख्या जिल्ह्यातलं बुकिंग रद्द केलं. बातमीत जिल्ह्याचं नाव येतं. आपल्याकडे तर 'कोकण' येतं, म्हणजे पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही हेच. म्हणून संदेशात गावाचं नाव, रस्त्याचं नाव, आजची तारीख आणि आज काढलेला फोटो. 'कोकण सज्ज आहे' असल्या वाक्याने कुणी गाडी काढत नाही. 'बागमांडले-वेशवी फेरीबोट आज सुरू आहे, माणगाव-म्हसळा रस्ता मोकळा आहे, हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर काम चालू आहे, तिकडे जाता येणार नाही', असं लिहिलं की काढतो. शेवटचं वाक्य गाळू नका, बंद काय आहे हे सांगितलं की बाकीच्यावर विश्वास बसतो.

खाडीकाठ

माझा कागद बदलतो. पाणी आणि जनरेटरचा बदलता स्विच, या दोन अटी गावभर, सूट नाही. बाकीच्या घरागणिक. रस्त्याची अट तशीच राहील. त्यावर मी हटणार नाही. खोडं ऑक्टोबरच्या आत बाहेर. पुळणीवर दोन वाटा, टपऱ्यांना जागा आधी. तारीख मी घालतो, पण ती कामाची मुदत म्हणून, उघडण्याची म्हणून नाही.

आता उरतो तो प्रश्न कुणी टाळू नये: 'हे घर उघडायला हरकत नाही' अशी सही कोण करणार? ग्रामसेवकाकडे आधीच पंचनाम्यांचा ढीग असतो. निवासवाल्यांच्या संघटनेने केली तर स्वतःच्याच घराला स्वतः पास करणार.

हिशेबवही

शेजारच्या गावच्या संघटनेने करावी. दापोलीतल्या मुरूडची कर्द्याने, कर्द्याची मुरूडने. एकाचं पाणी बिघडलं तर नाव दोघांचं जातं, त्यामुळे खोटी सही कुणी करणार नाही.

वाडीकर

करेल. दोन्ही गावांत एकमेकांचे व्याही आहेत. पाण्याची तपासणी आरोग्य उपकेंद्राच्या माणसाने करावी आणि आकडा फळ्यावर तारखेसकट लिहावा. फळा ग्रामपंचायतीबाहेर, पाहुण्यालाही दिसेल असा. सहीचं नंतर बघू.

खाडीकाठ

फळा कागदात घेतला. क्लोरीन तपासायचा डबा उपकेंद्रात असतो, त्यातल्या औषधाची मुदत संपलेली नाही ना, हे १ मे लाच बघायचं.